‘मुत्तकी’ कोणाला म्हणावे?

जुम्याचे बयान मराठीतून करणाऱ्याला एक अडचण वारंवार येते. ‘तकवा’ या शब्दाला मराठीत कोणता प्रतिशब्द द्यावा? ‘ईशभय’ म्हटले तर श्रोत्याच्या मनात केवळ धाक उभा राहतो. ‘भक्ती’ म्हटले तर भाव येतो, पण सावधपणा निसटतो. ‘पापभीरू’ हा शब्द अर्थाने बराच जवळचा. परंतु बोलण्यात त्याला आता भित्रेपणाची छटा चिकटली आहे. तकवा हा ‘विकाया’ म्हणजे बचाव, राखण या शब्दाच्या कुळातला शब्द. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत उबै बिन कअब (रजि.) यांना तकव्याचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी काटेरी वाटेचा दाखला दिला, अशी नोंद तफसीर-ग्रंथांत आहे. अशा वाटेने जाणारा कपडे सावरतो आणि प्रत्येक पाऊल जपून टाकतो, तोच तकवा. म्हणून मी ‘अल्लाहच्या जाणिवेने जपून जगणे’ असा साधा अर्थ सांगू लागलो.

अर्थ सापडला, शब्द वापरताना मात्र मीच जपलो नाही.

काही वर्षांपूर्वी एका बयानात मी एका सद्गृहस्थांचा उल्लेख ‘मुत्तकी’ असा केला. पहिल्या सफेत त्यांची जागा ठरलेली, फजरलाही हजर, मशिदीच्या कामाला सढळ हात. नमाज झाल्यावर वजूखान्यापाशी एक मजूर माझी वाट पाहत उभा होता. तो अदबीने म्हणाला, “मौलाना, त्यांच्याकडे माझी दोन महिन्यांची मजुरी अडकली आहे. ते मुत्तकी असतील, तर पैसे मागणारा मी कोण ठरतो?”

मला उत्तर सुचले नाही. मजुरी पुढे मिळाली. पण प्रश्न माझ्यापाशी राहिला. एका पवित्र शब्दाचे वजन मी एका पारड्यात टाकले होते आणि दुसऱ्या पारड्यात एका गरिबाचा हक्क होता. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, ही सहीह बुखारीतील हदीस मी अनेकदा सांगितली होती. त्या दिवशी ती मलाच ऐकावी लागली.

हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी विचारल्याचे सांगितले जाते. तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याशी पैशांचा व्यवहार केला आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले. मग मशिदीत त्याला रुकू-सजदा करताना पाहिले असशील, तू त्याला ओळखत नाहीस, असे त्यांनी सुनावले. माझी ग्वाही नेमकी याच जातीची होती.

येथे कोणी म्हणेल, तकवा तर अंतःकरणात असतो, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी छातीकडे तीनदा बोट दाखवून तसे सांगितले आहे. खरे आहे. परंतु सहीह मुस्लिममधील ती हदीस संपूर्ण वाचावी. तिची सुरुवात मत्सर करू नका, खोटी बोली लावून भाव चढवू नका, एकाच्या सौद्यावर दुसऱ्याने सौदा करू नये, अशा आदेशांनी होते. आणि शेवट एकमेकांचे रक्त, संपत्ती व अब्रू निषिद्ध ठरवून होतो. मधोमध छातीकडे ते बोट आहे. तकवा हृदयात आहे याचा अर्थ व्यवहारातून सूट मिळाली असा नव्हे. जे हृदय आपल्याला दिसत नाही त्यावरून कोणाला तुच्छ लेखू नये, हा त्याचा अर्थ आहे. आणि त्याच न्यायाने, न दिसणाऱ्या हृदयावर आपण प्रशस्तीचा शिक्काही मारू नये. सूरह अल-हुजुरातच्या 13व्या आयतीत श्रेष्ठत्वाचा निकष तकवा ठरवला आहे. सूरह अन-नज्मच्या 32व्या आयतीत स्वतःला पवित्र ठरवण्यास मनाई करून, मुत्तकी कोण हे अल्लाहच अधिक जाणतो, असे स्पष्ट केले आहे. निकष आपल्याला कळवला आहे, निकाल मात्र आपल्या हाती दिलेला नाही.

मग चांगल्या माणसाचे कौतुकच करू नये काय? करावे. त्याचीही रीत प्रेषितांनी (स.) शिकवली आहे: माझ्या समजुतीप्रमाणे अमुक मनुष्य चांगला आहे, त्याचा हिशेब घेणारा अल्लाह आहे, इतकेच म्हणावे. जे पाहिले ते सांगावे. जे पाहिले नाही ते अल्लाहवर सोडावे. ‘ते फजरला येतात’ हे माझे विधान खरे ठरले असते आणि त्याने कोणाचा हक्कही दबला नसता.

वाचकहो, तकवा, इख्लास, इहसान हे शब्द दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचे हार नव्हेत. ते स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत. आज रात्री निजण्यापूर्वी एवढेच पाहू या, की आपल्याकडे कोणाची मजुरी थकलेली नाही ना.