आधी तिला विचार

तुझा फोटो कुठल्याशा पेजने तुझं नाव उडवून लावला, म्हणून तणतणत माझ्याकडे आलास. १९५७ चा कॉपीराइट कायदा दाखवलास. फोटोवर काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, हेही ऐकवलंस. कायदा बरोबर आहे. आता तो मोबाइल खाली ठेव आणि ऐक.

त्या फोटोतल्या बाईचं नाव काय?

नाही ना सांगता येत? वडीगोद्रीच्या शिवारात ऊसतोडीची टोळी कोप्या घालून राहिली आहे, त्यातली ती. लेकराला पाजायला बसलेल्या बाईवर तू बांधावरून झूम लावलास. साधा खाकरलाही नाहीस. तुझ्या घरातल्या कुणावर परक्या पोराने असा फोन रोखला असता, तर त्याला सोडलं असतंस?

मूळ फोटो तूच मला दाखवलास. हिरवी साडी, वर नवऱ्याचा चौकडीचा शर्ट, शेजारी परातीत भाकरी, मांडीजवळ मोबाइल, मागे थोरली पोरगी दात काढून हसतेय. तू रंग घालवलेस. पोरगी कापलीस, मोबाइल कापलास, परात कापलीस. बाईचा चेहरा काळवंडून टाकलास आणि खाली लिहिलंस, ‘भूक’. अरे, भाकरी कापून भूक दाखवतोस? याला एडिटिंग म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. वर लोकेशनही टाकलंस! मुकादमाच्या फोनवर तो फोटो पोचायला कितीसा वेळ लागतो? तिच्या गावातल्या पोरांच्या?

सुधारक ओलवे यांचं काम बघ. मूळचे अकोल्याचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी काढले. घाण लपवली नाही आणि माणसालाही लहान केलं नाही. २०१६ ची पद्मश्री पुढची गोष्ट, आधी त्या माणसांत जाणं-येणं होतं. तुला आपल्याच शिवारात बांध ओलांडून चार पावलं टाकवली नाहीत. नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात, उचल फिटेपर्यंत तो मुकादमाशी बांधलेला असतो, डोक्यावर मोळी घेऊन बाई फळीवरून गाडीत चढते तेव्हा तिचे पाय कसे पडतात, यातलं काय विचारलंस? काय पाहिलंस?

उजेड तुला कळतो. कोपीच्या कुडातून आलेली ती तिरीप दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. म्हणून तर राग जास्त आहे.

तो फोटो आत्ता, माझ्यासमोर काढून टाक. उद्या अंबडला जा, न कापलेल्या फोटोची प्रिंट काढ आणि संध्याकाळी टोळी कोपीवर आली की दोघा नवरा-बायकोच्या हातात दे. काय केलंस ते सगळं सांग. शिव्या दिल्या तर खाली मान घालून ऐकून घे. नाही म्हणाली तर मोबाइलमधलाही फोटो तिच्या डोळ्यांदेखत पूस. हे झाल्यावर ये, त्या पेजवाल्याला काय लिहायचं ते मग बघू.