खरे बोलण्याचा अधिकार

मृत्यू दुरावलेल्यांना जवळ आणतो, असे आपण सहज म्हणून जातो. वर्षानुवर्षे अबोला धरलेले भाऊ एकाच शवपेटीला खांदा देतात, लांब दिलेल्या बहिणी महिन्याच्या मिस्सेला माहेरी येतात, आणि ओस पडलेले घर पुन्हा माणसांनी भरते. परंतु एका छपराखाली जमणे निराळे आणि एक होणे निराळे. हे अंतर एका चित्रपटाने आम्हांला फार तीव्रतेने जाणवून दिले. त्याच्या निमित्ताने एका जुन्याच नैतिक प्रश्नाकडे वळू या : खरे बोलणे हा नेहमीच सद्गुण असतो काय?

चित्रपटाचे नाव ‘ऑगस्ट : ओसेज काउंटी’. ट्रेसी लेट्स यांच्या ज्या नाटकाला २००८ साली पुलित्झर पारितोषिक लाभले, त्यावर जॉन वेल्स यांनी २०१३ साली तो दिग्दर्शित केला. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या उत्तरेस असलेल्या गवताळ माळरानांच्या प्रदेशात, भर उन्हाळ्यात ही कथा घडते. बेव्हर्ली वेस्टन हा वृद्ध, मद्यासक्त कवी एके दिवशी घरातून नाहीसा होतो. पुढे त्याचा मृतदेह पाण्यात सापडतो. त्याची पत्नी व्हायोलेट (मेरिल स्ट्रीप) हिला तोंडाचा कर्करोग झाला आहे, आणि ती गोळ्यांच्या पूर्ण आहारी गेली आहे. या प्रसंगी बार्बरा, आयव्ही आणि कॅरन या तिच्या तीन मुली, बहीण मॅटी फे व तिचा कुटुंबकबिला असे सारे एकत्र येतात.

अंत्यविधीनंतरचे भोजन हा चित्रपटाचा गाभा आहे. मॅटी फेचा पती चार्ली अडखळत, लांबत जाणारी प्रार्थना म्हणतो. आणि मग व्हायोलेट एकेकाला सोलून काढू लागते. बार्बरा आणि तिचा पती विभक्त झाले आहेत, हे त्या दोघांनी झाकून ठेवलेले दुःख ती भर पंगतीत उघडे करते. आपण केवळ सत्य सांगत आहोत, अशी तिची बतावणी असते. आणि कठीण गोष्ट अशी, की ती सांगते त्यातील बरेचसे खरेच असते!

अशी व्यक्ती आपल्या परिचयाची नाही काय? ‘तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ’ असे प्रशस्तिपत्र देऊन आपण तिला वाट मोकळी करून देतो. खोटे बोलणे पाप, हे आपण बालपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. संत अगस्तीन यांनी तर असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून सद्हेतूने बोललेले असत्यही त्याज्य ठरवले. मग जे खरे आहे ते बोलून टाकणाऱ्यास दोष तरी कसा द्यावा?

या ठिकाणी ख्रिस्तसभेची शिकवण आपण समजतो त्याहून सूक्ष्म आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेचे विवेचन करताना खोट्या आळाबरोबरच परनिंदेलाही पाप म्हणतो. आणि परनिंदेतील दोष हे खरेच असतात! सबळ कारण नसताना, ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे ते मांडणे हा अपराध होय. सत्य जाणून घेण्याचा ज्याला अधिकार नाही त्याला ते सांगण्यास आपण बांधलेले नाही, असेही तो ग्रंथ म्हणतो. संत थॉमस अॅक्विनास यांनी बंधूची चूक दाखवून देण्याचा विचार प्रीतीच्या प्रकरणात केला आहे. तीही स्थळ, काळ आणि रीत पाहूनच दाखवावी, असे त्यांचे सांगणे.

परंतु म्हणून मौन नेहमीच निर्दोष ठरते असेही नाही. आयव्हीचे आपल्या मावसभावावर प्रेम आहे, आणि त्याच्यासह दूर निघून जाण्याचा तिचा बेत आहे. वस्तुतः तो बेव्हर्ली आणि मॅटी फे यांचा पुत्र, म्हणजे आयव्हीचा सावत्र भाऊ आहे. हे मॅटी फेने दडवले. व्हायोलेटला ते आधीपासून ठाऊक होते, पण तीही गप्प राहिली. हे सत्य कळण्याचा आयव्हीला पूर्ण अधिकार होता. ते तिला वेळेवर, एकांतात, तिचा हात हाती घेऊन कोणी सांगितले नाही. शेवटी आईने ते तिच्या तोंडावर फेकले. जिथे बोलायचे तिथे मौन, आणि जिथे झाकायचे तिथे वाचाळता, अशी या घराची रीत होती.

व्हायोलेटचा धिक्कार करून मोकळे होणे सोपे आहे. पण लहानपणी तिने नव्या बुटांची आस धरली असता, नाताळला तिच्या आईने सुंदर वेष्टनात चिखलाने माखलेले फाटके बूट ठेवून तिची थट्टा केली होती. जिला प्रेमाची भाषा कधी कानी पडली नाही, ती प्रेमाने सत्य कसे बोलणार? घरातील क्रूरताही वारशाने पुढे जाते, हे आपण आईबापांनी विसरता कामा नये.

आणि सत्याचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या या स्त्रीने एक सत्य मात्र शेवटपर्यंत राखून ठेवलेले असते. पतीने आपण कोणत्या मोटेलात आहोत हे चिठ्ठीत लिहून ठेवले होते. तिने तिथे दूरध्वनी केला, तो बँकेतील तिजोरी रिकामी करून झाल्यावर. तोवर तो निघून गेला होता. इतरांबद्दलचे प्रत्येक सत्य तिने तत्काळ उच्चारले. स्वतःबद्दलचे हे एक सत्य तिला जड गेले.

प्रभू येशूने विहिरीवर शोमरोनी स्त्रीला तिच्या आयुष्यातील कटू सत्य सांगितले. पण त्याआधी त्याने तिच्याजवळ पाणी मागितले होते, तिच्याशी बोलणे जोडले होते. आणि भोवती ऐकणारे कोणी नव्हते. ती स्त्री धावत गावात गेली आणि त्याच्याविषयी सर्वांना सांगत सुटली. व्हायोलेटच्या मुलीही धावतच निघाल्या, पण घर सोडून. अखेरीस तिच्यापाशी उरली ती जोना, म्हणजे व्हायोलेटने जिला हिणवले ती शायान जमातीची सेविका.

पापनिवेदनाच्या वेळी आपण शेजाऱ्याचे पाप सांगू लागलो, तर धर्मगुरू आपल्याला थांबवतात. तिथे बोलायचे ते स्वतःचे. हीच शिस्त घरातही पाळता येईल. दुःखाच्या प्रसंगी सगेसोयरे जमले असता, कोणाविषयीचे एखादे सत्य ओठांवर आलेच, तर आपण स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात : आपले स्वतःचे असे एखादे सत्य आपण याआधी बोललो आहोत काय? आणि हे सत्य ऐकून जो कोसळेल, त्याच्याजवळ आज रात्री बसून राहण्याची आपली तयारी आहे काय? ती तयारी नसेल, तर ताटातील घास संपवून उठलेले बरे.