दिवा जळत असतां तेल पाहावें



मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांतील दहा कुमारींचा दाखला आपणांस ठाऊक आहे. सांजवेळीं दहाहि दिवे सारखेच जळत होते. कोणाचें तेल अपुरें, हें ज्योतीकडे पाहून कळण्याजोगें नव्हतें. भांडेंच पाहावयास हवें होतें. मध्यरात्रीं उणीव कळली, तेव्हां उसनें तेल मिळालें नाहीं.

हा दाखला प्रभूच्या येण्याविषयीं आहे. परंतु डोळा हा शरीराचा दिवा होय, असेंहि प्रभूनेंच शिकविलें. म्हणून त्या दिव्याविषयींहि आपण सावध असावें. काचबिंदू या विकारांत बहुधा डोळ्यांतील द्रवाचा निचरा नीट होत नाहीं, आंतील दाब वाढतो, आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकते. पुष्कळांस वेदना होत नाहींत. प्रथम कडेची नजर जाते. समोरचें मात्र पुष्कळ काळ दिसत राहतें. मनुष्य शेताच्या बांधावर ठेंचाळतो, तरी शास्त्रपाठ वाचूं शकतो, आणि माझे डोळे चांगले आहेत असें म्हणतो. तामिळनाडूंतील खेड्यांच्या एका पाहणींत असे जे रोगी आढळले, त्यांपैकीं १० तील ९ हून अधिकांस आपला रोग ठाऊकच नव्हता. आफ्रिकेच्या पश्चिम भागांत तर हा विकार आपल्याहून अधिक व लहान वयांत आढळतो.

आपल्या गांवांत वडील माणसें म्हणतात, "मोतीबिंदू आहे, पिकूं द्या." मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत येते, काचबिंदूनें गेलेली कधींच येत नाहीं. आणि कोणता बिंदू आहे, हें घरीं बसून कळत नाहीं. नुसत्या विजेरीच्या उजेडांतहि कळत नाहीं. डोळ्याचा दाब मोजावा लागतो. आणि दाब बरोबर असूनहि हा विकार असूं शकतो, म्हणून मागील नसहि तपासून घ्यावी लागते.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें ही तपासणी करावी. ज्याच्या आईबापांस अथवा भावाबहिणीस काचबिंदू आहे, त्यानें तर मुळींच विलंब करूं नये. वैद्याच्या सल्ल्यावांचून डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब घालूं नयेत. त्यांनींहि हा रोग जडतो. रोग निघाल्यास थेंब, लेसर अथवा शस्त्रक्रिया यांनीं उरलेली दृष्टि पुष्कळदां राखतां येते. परंतु थेंब दिले असल्यास ते नित्य घालावे लागतात, बरें वाटतें म्हणून सोडूं नयेत.

आपणांस फार दूर जावयाचें नाहीं. पनवेलास लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलास शंकरा नेत्ररुग्णालय आहे. उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींतील चाळिशीपुढील माणसांची यादी करा. ज्यांस एकट्यानें एस.टी.नें जाणें कठीण, त्यांजबरोबर कोणी तरुण द्या. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हें पाहूं नका. त्यासहि बरोबर न्या.

शहाण्या कुमारींजवळ तेल होतें, कारण त्यांनीं उजेड असतांच त्याची तजवीज केली होती. आपल्याहि डोळ्यांत आज उजेड आहे, तोंच ही तपासणी करून घेण्याची सुबुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.