कळ कोणाची, कान कोणाचे

मराठीत ‘कळ’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. यंत्र चालू करायची ती कळ, पोटात उठते तीही कळ, आणि दोन घरांत भांडण जुंपवून द्यायचे असले म्हणजे लावतात तीही कळच. संगणकाच्या कीबोर्डावरील कळेला आणखी एक अर्थ चिकटला आहे: ती दाबली की कोणाला तरी कळते. कोणाला, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

टंकलेखन यंत्रापुढे तो विचारण्याचे कारणच नव्हते. अमरावती-अकोल्याच्या टंकलेखन वर्गांत मिनिटाला तीस मराठी शब्दांची परीक्षा उतरण्यासाठी किती पोरापोरींनी बोटे झिजवली असतील! तेथे कळ दाबली की खिळा उचलला जाई, फितीवर आपटे आणि कागदावर अक्षर उमटे. संगणकात ही लोखंडी दांडी नाही. कळ दाबल्याची बातमी आधी एका मध्यस्थाकडे जाते आणि ती पुढे कोणास द्यावी हे तो मध्यस्थ पाहतो.

या मध्यस्थांपैकी एकाचे नाव ‘एक्स’. रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८४ साली तो आरंभिला. १९८७ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती निघाली आणि लिनक्सच्या अनेक संगणकांवर ती आजही चालते. पडद्यावरील प्रत्येक चौकट म्हणजे एक खिडकी. या खिडकीत अमुक घडले तर मला कळवा, असे प्रोग्रामाने अगोदर सांगून ठेवायचे असते. त्यासाठी बत्तीस घरांचा तक्ता आहे. पहिले घर कळ दाबल्याचे, दुसरे कळ सोडल्याचे. ज्या घरात खूण केली तेवढीच बातमी येते. लिहिण्याचे प्रोग्राम बहुधा पहिल्या घरावरच भागवतात. बोट उचलले गेले की नाही, याची त्यांना फिकीर नसते. एखाद्या खिडकीतली बातमी कोणीच मागितली नसेल, तर ती खिडकी ज्या मोठ्या खिडकीच्या पोटात असते तिच्याकडे बातमी जाते, तेथून आणखी वर. वाड्यात धाकट्याने लक्ष दिले नाही म्हणजे गोष्ट थोरल्याच्या कानी जावी तशी. शेवटपर्यंत कोणीच घेतली नाही तर ती विरून जाते.

इथवर सारे सुज्ञपणाचे आहे. जगातला प्रत्येक आवाज ऐकायचा म्हटले तर माणूस काय नि यंत्र काय, वेडेच होईल. पण या व्यवस्थेत एक फट राहिली. तक्त्यावर खूण करणाऱ्यास कोणी विचारीत नाही की, बाबा रे, ही खिडकी तुझी आहे काय? गंमत अशी की माऊसचे बटण दाबल्याची बातमी एका खिडकीवर एकाच प्रोग्रामास मागता येते. दुसरा मागू लागला तर त्यास नकार मिळतो. कळेच्या बातमीला असा धनी नाही. कितीही जणांनी मागावी, सर्वांस मिळते. तुम्ही एका खिडकीत बँकेचा पासवर्ड लिहिता आहात आणि शेजारचा प्रोग्राम तो अक्षर अक्षर ऐकतो आहे, असे खुशाल घडू शकते. ज्या खिडकीत तुम्ही लिहिता तिलाही त्याचा पत्ता नसतो.

हे करणारे लोक मूर्ख नव्हते. विद्यापीठातल्या माणसांनी ओळखीच्या माणसांसाठी घर बांधले. आतल्या खोल्यांना कड्या लावल्या नाहीत, इतकेच. आमच्या खेड्यांतून असेच चाले. घरात कोणास वाचता येत नसले म्हणजे पत्र पोस्टमननेच वाचून दाखवायचे. कोणाची पोर सासरी सुखात नाही, कोणावर सावकाराचे किती निघते, हे सारे त्याच्या कानावरून जाई. बहुतेक पोस्टमननी ते कानाआड केले. ते सारेच साधू होते असे मी म्हणत नाही. पण उद्या त्याच ओसरीवर पाणी मागावे लागणार होते. ऐकणाऱ्याला तोंड होते, म्हणून त्याला लाजही होती. प्रोग्रामाला तोंड नाही. त्याच्या सभ्यतेवर विसंबणे म्हणजे नेमके कशावर विसंबणे?

म्हणून पुढे भिंती आल्या. क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये ‘वेलँड’ नावाची नवी व्यवस्था सुरू केली. तीत ज्या खिडकीकडे तुमचे लक्ष लागले आहे तिलाच कळ ऐकू जाते. चोराचे कान बंद झाले, हे उत्तमच. परंतु अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामांनाही कुठल्याही खिडकीतली कळ ऐकावी लागते, आणि आरंभी या भिंतीशी तेही अडखळले. भिंतीला चोर आणि सोबती यांतला फरक कळत नाही. तो कोणी तरी सांगावा लागतो.

तो सांगण्याचा अधिकार, माझ्या मते, कळ दाबणाऱ्याचा आहे. जुन्या एक्सवरच्या एक्सटर्म या प्रोग्रामात एक सोय होती व आहे: कीबोर्ड केवळ आपल्यापुरता राखून ठेवण्याची. ती लागू झाली की खिडकीतील रंग उलटे होतात, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. उपाय तोकडा आहे, पण मला तो आवडतो. कारण ‘आता मीच ऐकतो आहे’ हे तो लिहिणाऱ्याला दिसेल असे सांगतो.

वऱ्हाडातील सेवा केंद्रांवर पीकविम्याचा अर्ज भरायला येणारा कास्तकार स्वतः कळ दाबीतच नाही. तेथील यंत्रातील व्यवस्था निराळी असेल. प्रश्न तोच आहे. केंद्रातला पोरगा म्हणतो, “बाबाजी, मोबाईलवर काय नंबर आला, सांगा.” बाबाजी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरतात आणि सहाही आकडे मोठ्याने सांगतात. रांगेतील माणसे ऐकतात, पोरगा ऐकतो, यंत्रात आणखी कोण ऐकते ते पोरालाही ठाऊक नसते. पाऊस लांबला आहे, पऱ्हाटी वाळते आहे, अर्जाची मुदत संपत आली आहे. अशा वेळी ‘तुमचे आकडे कोणी ऐकावेत?’ असे बाबाजींना कोणी विचारलेले मी अजून पाहिलेले नाही.