वाटेत थांबलेला प्रभू

शास्त्रपाठ : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ५, ओव्या २१ ते ४३

ह्या पाठात प्रभू घाईच्या वाटेवर आहे. याईराची बारा वर्षांची कन्या मरणोन्मुख पडली आहे, बाप पायांशी लोळण घेऊन विनवीत आहे, आणि गर्दी तर एवढी की पाऊल टाकण्यास जागा नाही. अशा समयी एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. तिला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. याईराच्या घरी पाळणा हलला त्याच सुमारास हिचे दुखणे सुरू झाले असावे, हे वाचताना आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ती पुष्कळ वैद्यांकडे गेली, गाठीचे सर्व खर्चून बसली, आणि गुण येण्याऐवजी दुखणे बळावले. मार्काने हे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. लूक स्वतः वैद्य होता. त्याने हीच हकीकत सांगताना वैद्यांविषयी थोडे हात राखून लिहिले आहे, हे वाचून आम्हांस नेहमी हसू येते.

नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध होती. ज्याला ती शिवेल तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. म्हणून तिने मागून, चोरपावलाने यावे ह्यात नवल नाही. आपल्या गावांतही कावळा शिवला म्हणजे बाईने कोपऱ्यात बसावे हा परिपाठ अद्याप पुरता गेलेला नाही. आणि बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतून तो गेला आहे असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही.

आता पाहा, स्पर्श होताच ती बरी झाली होती. मग प्रभू का थांबला? याईराचा जीव टांगणीला लागला होता. शिष्यांनाही तो प्रश्न विचित्र वाटला : एवढ्या लोटालोटीत कोणी शिवले म्हणून काय विचारायचे! परंतु प्रभू थांबला तो तिने बोलावे म्हणून. बारा वर्षे तिच्यावर औषधे झाली होती, तिचे ऐकणे मात्र कोणी केले नव्हते. ती कापत पुढे आली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व सांगून मोकळी झाली. आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली.

ह्या पाठाकडे आमचे लक्ष वळण्याचे कारण बीड जिल्हा होय. त्याच्या अकरा तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर न गेल्यास खाडा पडून पैसे कापले जातात. फडाजवळ कोपीत राहावयाचे. न्हाणी नाही, शौचकूप नाही. पहाटे भाकऱ्या भाजून बाई जी बाहेर पडते ती मोळ्या डोक्यावरून वाहून दिवस मावळल्यावरच टेकते. पाळीच्या दिवसांत कपडा बदलण्यास आडोसा नाही, धुण्यास पाणी नाही. अशाने अंगावरून जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, की खाडा नको म्हणून ती दुखणे दाबते. आणि पुढे कोणी तरी सांगतो की पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. सन २०१९ मध्ये श्रीमती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत ह्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ. शस्त्रक्रियेचे पैसे पुन्हा उचलीतून, आणि ती फेडण्यासाठी पुन्हा कोयता.

ही मंडळी गावी परततात ती उन्हाळ्याच्या तोंडी; आणि त्याच उन्हाळ्यात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना प्रात्यक्षिक कामासाठी खेड्यांत पाठवितात. आमच्या ओळखीच्या एका मंडळीतील मुलगी अशीच बालाघाटच्या डोंगराकडील एका उपकेंद्रावर गेली होती. तिने परत आल्यावर जे सांगितले ते आम्ही येथे देतो.

पहिले आठ दिवस ती रोज रात्री रडली. उपकेंद्राखाली चारपाच हजार वस्ती, ऊन चाळीस अंशांच्या वर, आणि घरोघर फिरावयाचे. तिला शिकविले होते की घरात गेल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे, त्यावर पिशवी ठेवावी, आधी हात धुवावे, मगच रोग्याला शिवावे. पण हात धुण्यास पाणी मागावे तर घरच्या बाईने दोन मैलांवरून आणलेली घागर समोर असे. मुलीला तांब्या मागण्याचीच लाज वाटू लागली. कोणी विचारी, लग्न झाले का? कोणी विचारी, जात कोणती? आणि तिने छापील कागदावरचे प्रश्न वाचले की सर्व बायांचे उत्तर एकच : काही नाही, बरे आहे. संध्याकाळी वही भरे, आणि वहीवरून पाहता सारे गाव निरोगी!

एके दुपारी उन्हाने तिला भोवळ आली. एका घराच्या ओसरीवर बसवून म्हातारीने तिला गूळपाणी दिले. तेथे सून ज्वारी निवडीत होती, फडावरून परतून तिला आठवडाही झाला नव्हता. मुलीने कागद बाहेर काढलाच नाही, कारण हातात बळ नव्हते. तीही ज्वारी निवडू लागली. सुपातले खडे काढता काढता सून बोलू लागली. दोन वर्षांपासून अंगावरून फार जाते. फडाजवळच्या गावी दाखविले, सुया टोचल्या, पैसे गेले. आता पिशवी काढण्याचे ठरले आहे, पुढच्या उचलीतून खर्च होईल. वय विचारले तर म्हणाली, सव्वीस असेल.

ह्या ठिकाणी त्या मुलीने केले ते उपदेशक बंधूंनी नीट लक्षात ठेवावे. तिने शस्त्रक्रिया कर असेही म्हटले नाही, करू नको असेही म्हटले नाही. गर्भाशय काढणे काही रोगांत खरोखर अवश्य असते, आणि ते ठरविणे विद्यार्थिनीचे काम नव्हे, उपदेशकाचे तर नव्हेच. तिने बोटाला सुई टोचून रक्त तपासले. निरोगी बाईत जे बारा असावे ते सातावर होते. मग तिने उपकेंद्राच्या नर्सबाईंना सांगितले, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस सांगितले, आणि पुढल्या आठवड्यात ती मुलगी त्या सुनेबरोबर एस.टी.ने सरकारी रुग्णालयात गेली. तेथे तपासणी झाली. आत सूज व जंतुदोष होता. औषधाने बरे होण्याजोगे होते. रक्तवाढीच्या गोळ्याही दिल्या. त्या गोळ्यांनी शौचास काळे होते म्हणून बाया भिऊन त्या फेकून देतात. मुलीने ते आधीच समजावून ठेवले. नवरा मात्र कुरकुरला. ठरलेली गोष्ट ह्या पोरीने मोडली असे तो चारचौघांत म्हणाला.

त्या दिवशी तिची वही कोरी राहिली, आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनी तिला सर्वांदेखत फैलावर घेतले. आम्ही त्या बाईंना सर्वस्वी दोष देत नाही. वहीत नोंद नसेल तर कोणत्या बालकास लस टोचावयाची राहिली हे कळणार कसे? याईराचे घरही वाटेवर आहेच. प्रभूने एकीसाठी थांबून दुसरीला टाकले नाही. तो पुढे गेला, आणि मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या असे सांगण्यासही विसरला नाही. पण आधी थांबला.

आता आमच्या मनात जे सलते ते सांगतो. ती मुलगी ह्या गावी असताना तिच्या बापाने दोनदा निरोप धाडला की परत ये. वैशाखात चुलत बहिणीचे लग्न होते, हे एक कारण. दुसरे असे की परगावी एकटी राहते, परक्यांची घाण काढते, अशाने पुढे स्थळ येणार नाही, असे मंडळीतल्याच कोणी त्याच्या कानात घातले होते. बंधूंनो, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनास परिचारिकांची शाळा काढली तेव्हा भल्या घरचे लोक असेच म्हणत. मिरजेस डॉ. वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, त्यानंतरच्या काळात आपल्या समाजातल्या किती आज्या-पणज्यांनी हेच काम पत्करले! त्यांच्या पगारावर शिकलेल्या घरांतून आज हे बोल निघावेत, हे ऐकून आम्हांस खाली पाहावे लागले.

त्या गावी आपल्या विश्वासणाऱ्यांची चार घरे आहेत. तिला राहण्यास खोली मिळाली ती त्यांपैकी एकाही घरी नव्हे, तर त्या गूळपाणी देणाऱ्या म्हातारीच्या शेजारी. आम्ही विचारले तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले की आम्हांला कोणी कळविलेच नाही. तेही खोटे नसावे. म्हणून ज्या उपदेशकांच्या गावाजवळ उपकेंद्र आहे त्यांनी येत्या उन्हाळ्याआधी तेथील नर्सबाईंची गाठ घ्यावी, मुली केव्हा येणार ते विचारून ठेवावे, आणि मंडळीतील एक वयस्क बाई त्यांच्याबरोबर फिरतीस जाईल असे करावे. बरोबर गावची बाई असली की दार उघडते. दारात हात धुण्यास एक तांब्या पाणी पुढे केले तर तेही पुष्कळ झाले.

बापाच्या निरोपाला त्या मुलीने काय उत्तर दिले ते आम्हांस ठाऊक नाही. ती लग्नास गेली नाही एवढे खरे. सुनेचे रक्त दोन महिन्यांनी नऊवर आले होते. दिवाळीनंतर ती पुन्हा तोडीस गेली, उचल फिटली नव्हती. जाताना गोळ्यांची पुडी तिने पदराला गाठ मारून घेतली होती, असे म्हातारीने सांगितले.