वेगाचा परिग्रह

अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडचा साठा न करणे. पतंजलींच्या योगसूत्रांत तो पाच यमांपैकी एक आहे. जैन साधू तो महाव्रत म्हणून पूर्णपणे पाळतात. गृहस्थ मात्र अणुव्रत घेऊन आपल्यापुरती मर्यादा आखतो. फायबर इंटरनेट घेताना ही मर्यादा कुठे आखावी? 4के चित्रपटाला 25 एमबीपीएस पुरतात. चौघांच्या घराला 100 एमबीपीएस सहसा कमी पडत नाहीत, तरीही मोह 1 जीबीपीएसचा होतो.

पुष्कळदा वेग दारापर्यंत आलेला असतो, पण घरात अडतो. राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरून येणारी तार जोडायची जागा) 100 एमबीपीएसचाच असेल, तर 300चा प्लॅन घेऊनही तेवढेच मिळतात. अशा वेळी गिगाबिट पोर्टचा राउटर घेणे ही चैन नव्हे. टीव्हीमागे कोंबलेला राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवावा. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा जास्त वेग देतो, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. आतल्या खोलीला 2.4चा बरा. एवढे न करता थेट मोठा प्लॅन घेणे हा निश्चितच परिग्रह. घरून मोठ्या व्हिडिओ फायली पाठवणाऱ्याची गरज मात्र खरी असते. त्याने अपलोडचा वेग पाहून आपली मर्यादा आधीच वर आखावी. अणुव्रतात तेवढी मुभा आहे.