पात्र, पण आत्ता नाही

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र अशा तीन कसोट्या लावल्या आहेत. आपली चर्चा बहुतेकदा तिसरीपाशीच अडते. दारू पिऊन यकृत घालवलेल्याला दुसऱ्याचं यकृत का द्यावं, हा वाद तर हिरिरीने घातला जातो. पण प्रत्यारोपणासाठी थांबलेल्या रुग्णाला जंतुसंसर्ग झाला की प्रश्न काळाचा असतो, पात्रतेचा नव्हे. ही गल्लत रुग्णाला फार महागात पडते.

सिरोसिसमध्ये असा संसर्ग वारंवार होतो. एरवी आतड्यातून येणारे जंतू यकृत अडवतं. ते थकलं की जंतू रक्तात आणि पोटात साठलेल्या पाण्यात पोचतात. कधीकधी साधा तापही नसतो. सुईने पाणी काढून तपासलं आणि एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० च्या वर निघाल्या, की लगेच अँटिबायोटिक सुरू करावी लागतात. अमेरिकेत २००२ पासून यकृताचं वाटप ‘मेल्ड’ गुणांकावर होतं आणि त्यात क्रिएटिनिन मोजलं जातं. संसर्गाने मूत्रपिंडं बिघडली की क्रिएटिनिन वाढतं, गुणांक चढतो, माणूस यादीत वर सरकतो. आणि नेमका त्याच संसर्गापायी तो शस्त्रक्रियेला अयोग्य ठरतो. कारण नवं यकृत टिकावं म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात आणि आवाक्यात नसलेल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. आधीचा संसर्ग नसला तरी पहिल्या महिन्यात जखमेचे, नळ्यांचे, आयसीयूतले जंतू गाठतात. पुढे साधारण सहा महिन्यांपर्यंत सायटोमेगॅलोव्हायरस आणि बुरशी. हा विषाणू तर कित्येकदा दात्याच्या यकृतातूनच येतो. दान निर्मळच असतं असं नाही.

मग सर्वांत आजारी माणसाला आजारी म्हणूनच मागे ठेवायचं? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो नकार कायमचा धरून चालतो. बरेचसे संसर्ग उपचारांनी आटोक्यात येतात आणि त्यानंतर प्रत्यारोपण यशस्वी होऊ शकतं. म्हणून ‘थांबा’ म्हणणाऱ्यावर बंधन येतं: उपचार करायचे, पुन्हा तपासायचं, जागा परत द्यायची. हे न करता नुसतं थांबवणं म्हणजे आडून अपात्र ठरवणंच. प्रारब्धाचा दाखलाही इथे चालणार नाही. औषधांना न जुमानणारे जंतू पुष्कळदा रुग्णालयातल्या मुक्कामातच चिकटतात. त्याचा जाब गेल्या जन्माला कशाला विचारायचा?

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आणि अधिक अवघड. भारतात बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांकडून मिळतात. भावाचं यकृत रांगेतलं नाही, तो राजी आहे, मग डॉक्टर आड येणारे कोण? पण दात्याच्या होकाराने डॉक्टरांना परवानगी मिळते, त्यांच्यावर सक्ती होत नाही. मोठ्या माणसासाठी धडधाकट दात्याचं निम्म्याहून अधिक यकृत काढावं लागू शकतं. ते पुन्हा वाढतं, तरी त्याच्या जिवाचा धोका शून्य नसतो. रुग्ण सेप्सिसमध्ये असताना तो धोका पत्करायला लावणं मला गैर वाटतं. शिवाय घरचे सगळे दाराशी उभे असताना मिळालेला होकार कितपत मोकळा असतो, हेही पाहिलं पाहिजे. संसर्ग उतरेपर्यंतचे दिवस दात्यालाही एकट्याने समुपदेशकाशी बोलायला आणि वाटलं तर माघार घ्यायला मिळाले पाहिजेत, आणि त्याने माघार घेतलीच तर कारण घरच्यांना न सांगण्याची मुभाही.